खुर्चीवरचा कोट

१

माझ्या लाल जाकिटाची चेन वर ओढायची तर आधी तिला एक शिवी हासडावी लागायची. मग ती निमूटपणे सरकायची. आमची दोघींची ही वर्षानुवर्षांची समजूत होती. सकाळी आईचा नाश्ता, तिच्या डोळ्यांत थेंब, रेडिओ तिच्या हाताशी, मग जाकीट, शिवी आणि उतारावरून बसथांब्यापर्यंत पळापळ. दुपारी जेवणाच्या सुट्टीत पुन्हा घर, आईपुढे सूप, पुन्हा ऑफिस. इंग्लंडातल्या या आमच्या हडर्सफील्डमध्ये पाऊस आहे का असं कुणी विचारत नाही, आज कुठल्या बाजूनं आहे एवढंच विचारतात. त्यामुळे जाकिटाला कधी सुट्टी म्हणून मिळाली नाही.

मग मला बढती मिळाली. आमची संस्था भाड्याची घरं सांभाळते. त्यांच्या दुरुस्ती विभागाची मी प्रमुख झाले.

"अभिनंदन," ग्लेनिस म्हणाली. "आता ते लाल लक्तर जाळ."

ग्लेनिस माझ्या समोरच्या टेबलावर बसते. निवृत्तीला टेकली आहे आणि जिभेला हाड नाही. मी ऑफिसात नवी होते तेव्हापासून ती मला कसं राहावं ते शिकवते आहे, आणि मी शिकत नाही.

"काय वाईट आहे त्यात?" मी विचारलं.

"वाईट काहीच नाही गं. पोस्टाच्या पेटीच्या अंगावर शोभेल. तू आता साहेबीण झालीस. भाडेकरूंच्या सभेत उभी राहणार, वकिलांसमोर बसणार. एक चांगला ट्रेंचकोट घे, पावसात चालणारा, कंबरेला पट्टा असलेला. एकदाच घे आणि नीट घे. मुलाखतीला चालतो, मयताला चालतो. आत स्वेटर घातला की हिवाळाही निघतो."

"आणि आई? ती मला त्या लाल रंगावरून ओळखते."

"मग नवा रंग शिकव. म्हातारी तुझ्यापेक्षा हुशार आहे."

हे मात्र खरं होतं.

२

दुकान ग्लेनिसनंच निवडलं. बाजारामागच्या चढावर, गिरण्यांच्या काळापासूनचं. मालकीण मिसेस ओल्डरॉइड बहुधा गळ्यात टेप घालूनच जन्माला आली असावी. तिनं माझ्याकडे बघायच्या आधी माझ्या खांद्यांकडे बघितलं.

"आत ऑफिसचं जाकीट घातलंय ना? शहाणी आहेस. बायका पातळ ब्लाउजवर कोट घालून बघतात आणि थंडी पडली की काखेत फाडून घेऊन येतात."

पहिला काळा निघाला. ग्लेनिसनं नाक मुरडलं. "साध्या वेशातली पोलीस." दुसरा घोट्यापर्यंत येणारा. "तंबू चालत आला." करडा घातला तर म्हणे मुख्याध्यापिका. मी वैतागले होते, पण खरं सांगायचं तर मजाही येत होती. माझ्या कपड्यांवर कुणी एवढा वेळ घालवल्याचं मला आठवत नव्हतं.

मग मिसेस ओल्डरॉइडनं आतल्या खोलीतून मधाच्या रंगाचा एक आणला. घट्ट विणीचं सुती कापड, मुठीत धरून सोडलं की हलकेच सळसळणारं. तिनं मला हात पुढे करायला लावले, खुर्चीत बसवलं, उठवलं, छत्री उघडल्यासारखं करायला सांगितलं. खांद्याची शिवण खांद्यावर, बाही मनगटाच्या हाडाशी, घेर गुडघ्याच्या थोडा खाली. कुठे ओढत नव्हता, कुठे लोंबत नव्हता. आतून चांगला ऊबदार होता, कुणी आत्ताच अंगातून काढून दिल्यासारखा. हीटरपाशी टांगलेला असेल, असं मी धरून चालले.

पट्ट्याचं बक्कल लावायला गेले तर ग्लेनिसनं माझ्या हातावर चापट मारली.

"बक्कल लावायचं नाही! गाठ मारायची. बक्कल लावणारी बाई म्हणजे कालच कोट घेतला म्हणून गावभर सांगणारी."

मी गाठ मारली आणि आरशाकडे वळले. आरसा तीन पाखांचा होता, कडेच्या पाखांत पाठ दिसायची. मी जन्माची पोक काढून चालणारी. शाळेत मला त्यावरून चिडवायचे. समोरच्या आरशात मी तशीच होते, खांदे पुढे झुकलेले. पण कडेच्या आरशात पाठ दिसत होती ती ताठ होती. अगदी सरळ. मी जरा हलले. समोरची हलली. पाठ हलली की नाही, ते मला नीट सांगता येणार नाही.

"बघितलंस?" ग्लेनिस खुशीत म्हणाली. "चांगला कोट माणसाला सरळ करतो."

चांगल्या शिवणीचा गुण, मी म्हटलं, आणि पैसे दिले.

३

आईच्या डोळ्यांचा मधला भाग गेला आहे. समोर बघितलं की मधोमध एक मळकट डाग, कडेकडेचं मात्र दिसतं. म्हणून ती माणसाशी बोलताना त्याच्या कानापलीकडे बघते. चेहरे तिला कळत नाहीत. रंग कळतात, आकार कळतात, आणि हाताला लागतं ते कळतं.

त्याच सुमारास शेजारच्या मिसेस क्लेगकडे पाणीखात्याचा माणूस म्हणून कुणी शिरला आणि दागिने घेऊन गेला. त्याआधी गल्लीत एकीला नातवाच्या आवाजात फोन आला होता. बोलणारा नातू नव्हताच. मला धडकी भरली. बढतीमुळे आता दुपारी घरी येणं जमणार नव्हतं. आई सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटी राहणार होती.

म्हणून मी कोट घालून तिच्यासमोर उभी राहिले.

"आई, इकडे बघ. हा रंग. आता मी म्हणजे हा रंग."

तिनं कानापलीकडे बघितलं. "चहात दूध जास्त पडल्यासारखा आहे."

"असू दे. हात आण." मी तिचा हात माझ्या बाहीवर ठेवला. मनगटापाशी एक छोटा पट्टा असतो, त्याला छोटं चामडी बक्कल. "हे लागलं हाताला? दाराला साखळी लावून ठेवायची. कुणी आलं तर फटीतून हात बाहेर काढायचा आणि ही बाही चाचपायची. बाही असली तर मी. नसली तर दार लावून घ्यायचं."

"आवाज ओळखते की मी तुझा. बहिरी नाही झाले अजून."

"आवाजावर जायचंच नाही! आवाज कुणीही काढतं हल्ली. मी जरी ओरडले ना, आई मी लॉर्ना, आई मी लॉर्ना, तरी बाही लागल्याशिवाय उघडायचं नाही. म्हण."

"बाही लागल्याशिवाय उघडायचं नाही," आई शाळेतल्या पोरीसारखी म्हणाली. मग बाही सोडेना. बोटांनी त्या बक्कलाशी खेळत राहिली. "कापड चांगलं आहे गं. बस ना जरा."

"आई, भांडी पडलीत."

आम्ही आठवडाभर तालीम केली. मी बाहेर जायचे, ती साखळी लावायची, फटीतून हात काढायची. एकदा मी मुद्दाम लाल जाकीट घालून गेले आणि गोड बोलले. तिनं धाडकन दार लावलं. मला इतका आनंद झाला की बाहेर पावसात उभं राहून मी टाळ्या वाजवल्या.

४

ऑफिसात एक जुनी चाल आहे, आमच्याच काय, सगळ्यांच्या ऑफिसात असते. खुर्चीच्या पाठीवर कोट असला की माणूस इमारतीत आहे असं समजतात. कुणी शोधत आलं तरी बाकीचे म्हणतात, आहे इथेच कुठेतरी, कोट आहे ना. पूर्वी आम्ही साहेबांना असंच फसवायचो. आता मी साहेबीण होते, तेव्हा तीच चाल मी उलटी फिरवली.

मुख्य कचेरी रस्त्यापलीकडे आहे, काचेच्या पुलावरून जाता येतं, कोट लागत नाही. माझ्या दुपारच्या दुपार तिकडच्या बैठकांत जायच्या. जाताना मी कोट खुर्चीवर नीट बसवायचे. खांदे खुर्चीच्या खांद्यांवर, बाह्या दोन हातांवर. मांजर घरात आहे असं उंदरांना वाटलं पाहिजे.

"शाबास," ग्लेनिस म्हणाली. "मी तुला एवढं शिकवलं, त्यात नेमकं हेच घेतलंस."

चाल छान चालली. फोन वेळेवर उचलले जाऊ लागले. मी परत यायचे तेव्हा सगळ्या माना खाली आणि कामं चालू.

फक्त एक गोष्ट. मी कोट ठेवताना पट्टा मोकळा सोडायचे, दोन टोकं खाली लोंबती. परत आले की बक्कल लावलेलं असायचं. खुर्चीच्या पाठीभोवती नाही. नुसत्या कोटाभोवती, पुढच्या बाजूनं, अगदी कंबरेशी.

"कोण करतंय हे?" मी एकदा सगळ्यांसमोर विचारलं.

कुणी वर बघितलं नाही. ग्लेनिस म्हणाली, "मी? मी बक्कल लावेन? जीव देईन."

५

मग लोक तक्रारी करू लागले, त्याही लाडिक. हिशेबातला डेरेक म्हणाला, "काल दुपारी बसथांब्यावर हात केला तुम्हाला. ओळख नाही दाखवलीत."

"काल दुपारी मी पलीकडे बैठकीत होते."

"कोट तुमचाच होता."

"डेरेक, या शहरात निम्म्या बायका याच कोटात फिरतात."

हे मी हसत म्हटलं आणि ते खरंही होतं. त्याच दिवशी बसमध्ये मला तीन-चार दिसल्या, सगळ्या मधाच्या रंगाच्या. मी उगाच त्यांच्या कंबरांकडे बघितलं. सगळ्यांच्या गाठी होत्या. त्यानं मला बरं वाटलं आणि बरं वाटल्याचा रागही आला. चाळिशी उलटलेली शहाणी बाई मी, आणि लोकांच्या कंबरा बघत बसलेय.

६

संध्याकाळी घरी गेले. फटीतून आईचा हात आला, बाही चाचपली, साखळी निघाली. स्वयंपाकघरात ओट्यावर दोन कप होते. एक रिकामा. दुसरा काठोकाठ भरलेला, वर साय धरलेली.

"कोण आलं होतं, आई?"

"कोण येणार?" ती हसली. "तू आलीस की."

मी केटलीत पाणी भरत होते. भरतच राहिले, ते बाहेर सांडलं.

"मी कधी आले?"

"दुपारी. येतेस ना आता रोज. मला बाई आवडतं. पूर्वी यायचीस तेव्हा घड्याळाकडे बघत सूप आदळून पळायचीस. आता बसतेस तरी. बोलत नाहीस, चहाही घेत नाहीस, पण बसतेस."

"आई, मी दुपारी ऑफिसात असते."

"बरं," ती म्हणाली. लहान मुलाचं खोटं मोठी माणसं चालवून घेतात त्या सुरात.

"तू दार कसं उघडतेस?"

"बाही बघून. तूच शिकवलंस ना? बाही असली की उघडते."

"आणि हात? माझा हात धरतेस तू?"

आई विचारात पडली. तिची बोटं मांडीवर हलली, छोटं बक्कल सोडवावं तशी. "हात कुठे देतेस तू," ती म्हणाली. "बाहीच देतेस."

त्या रात्री मी डोळा मिटला नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मागे सांगितलं होतं की नजर गेलेल्यांना कधीकधी नसलेली माणसं दिसतात. काही खुळेपणा नसतो तो, मेंदू रिकाम्या जागा भरतो. मला ते लख्ख आठवलं आणि मी त्याला घट्ट धरून बसले. आई एकटी पडली होती. तिनं स्वतःसाठी एक लेक तयार केली होती. बसणारी. यात भुताटकी काही नव्हती, होती ती माझी लाज.

७

आई घरातून निघणाऱ्याच्या खिशात पुदिन्याची गोळी टाकते. जुनी सवय. वडिलांच्या खिशात टाकायची, माझ्या टाकते.

सकाळी मी बसमध्ये कोटाचे दोन्ही खिसे उलटे केले. एक गोळी निघाली, ती खाल्ली. खिसे रिकामे. ऑफिसात कोट खुर्चीवर बसवला, पट्टा मोकळा सोडला, पुलावरून पलीकडे गेले. परत आले. बक्कल लावलेलं. खिशात हात घातला.

कागदात गुंडाळलेली गोळी होती. आई कागदाची टोकं ज्या तऱ्हेनं पिळते त्याच तऱ्हेनं पिळलेली.

मी टेबल धरलं. ग्लेनिसनं चष्म्यावरून बघितलं.

"काय गं? पांढरीफटक पडलीस."

"गोळी हवी?" मी विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही.

सकाळी नजर चुकली असेल. अस्तराला भोक असेल, तिथून खाली आली असेल. मी अस्तर इंच इंच चाचपलं. भोक नव्हतं. मिसेस ओल्डरॉइडच्या दुकानातल्या कोटाला भोक कुठून असणार?

८

दुसऱ्या दिवशी निघताना आई म्हणाली, "दुपारी काही आणू नकोस गं. केक उरलाय."

ऑफिसात कोट खुर्चीवर ठेवला. काचेच्या पुलावरून बैठकीला गेले, लोक जमेपर्यंत बसले, आणि पोटात दुखतंय सांगून पलीकडच्या दारानं बाहेर पडले. टॅक्सी केली. अंगात नुसतं लोकरीचं जाकीट. पाऊस आडवा होता.

किल्ली फिरवली. दार साखळीपर्यंत उघडलं.

"आई, मी आले. साखळी काढ."

आतून सपातांचा आवाज आला. फटीतून आईचा हात बाहेर आला. सुरकुतलेला, थोडा थरथरता. त्यानं माझी बाही शोधली. ओली लोकर लागली. बोटं मनगटापाशी गेली, तिथे पट्टा नव्हता, बक्कल नव्हतं. हात चटका बसल्यासारखा आत गेला.

"कोण आहेस तू?"

"आई, लॉर्ना! कोट ऑफिसात राहिलाय. आवाज ओळख ना माझा!"

"आवाजावर जायचं नाही. माझ्या लेकीनं सांगून ठेवलंय."

"मीच सांगितलंय ते! मीच लेक तुझी!"

"माझी लेक घरात आहे," आई म्हणाली. तिचा आवाज भ्यालेला होता, आणि ती मलाच भ्याली होती. "जा बाई. नाहीतर तिला हाक मारीन."

दार बंद झालं.

मी पायरीवर तशीच उभी राहिले. मग फोन काढून ऑफिसात लावला. बोटं गारठली होती, नंबर दोनदा चुकला.

"ग्लेनिस, माझा कोट खुर्चीवर आहे का बघ."

"थट्टा करतेस? मघाशी घालून गेलीस ना."

"मी?"

"मग कोण, राणी? मी विचारलं जेवायला चाललीस का, तर मान वळवली नाहीस. साहेबीण झालीस म्हणून एवढा तोरा बरा नव्हे."

"चेहरा पाहिलास तू माझा?"

"पाठ पाहिली. तुझीच होती. छान ताठ चालली होतीस, मला बरं वाटलं. लॉर्ना? काय झालं गं?"

मी फोन खाली केला. दाराच्या मधोमध टपालाची फट आहे, पितळी झाकणाची. मी गुडघे टेकले, झाकण आत ढकललं आणि डोळा लावला.

अरुंद बोळ, त्यापलीकडे बैठकीच्या खोलीचं उघडं दार. दारातून खोलीचा एक तुकडा दिसत होता. आई तिच्या खुर्चीत येऊन बसली होती. तिच्याशेजारी वडिलांची खुर्ची, पाठ माझ्याकडे केलेली. त्यात कोट बसला होता. खांद्यांची शिवण खांद्यांवर. पट्टा कंबरेला आवळलेला. डावी बाही खुर्चीच्या हातावरून पुढे आली होती, आणि आई ती दोन्ही हातांनी कुरवाळत काहीतरी सांगत होती. हळू आवाजात, मजेत. केकबद्दल असावं.

कॉलरच्या वरचं फटीच्या वरच्या कडेनं झाकलं होतं. मी मान थोडी खाली केली असती तर दिसलं असतं. नाही केली.

मग कोटानं पाठ सरळ केली. आईनं काही विचारलं की आपण तिच्याकडे वळतो ना, तसा तो वळू लागला. माझ्या हातून झाकण सुटलं आणि खणकन वाजलं.

९

मागच्या दाराची किल्ली माझ्याकडे असते. पण त्यासाठी घरांची सगळी रांग ओलांडून मागच्या गल्लीत जावं लागतं. मी कशी पळाले ते माझं मला ठाऊक. एवढंच डोक्यात होतं की आई आत आहे आणि ती त्याच्यापाशी बसली आहे.

स्वयंपाकघरातून बोळात आले. कोट खुंटीवर होता. माझ्याच खुंटीवर, रोज टांगते तिथे. खांदे ओले, घेरातून थेंब थेंब खाली. बक्कल लावलेलं, आत कुणी नसलेल्या कंबरेभोवती.

बैठकीच्या खोलीत आई एकटीच होती. वडिलांच्या खुर्चीतली उशी मधोमध दबलेली होती.

"आई."

तिनं माझ्या कानापलीकडे बघितलं. तिथे तिला करड्या लोकरीचा एक ओला आकार दिसला असणार. ती उठू गेली, जमलं नाही. शेगडीची सळई तिनं दोन्ही हातांत धरली.

"लॉर्ना!" ती ओरडली. "लॉर्ना, ती आत शिरली गं! लॉर्ना, ये ना!"

माझी आई मला वाचवायला बोलावत होती, माझ्यापासून.

"आई, मीच आहे, मीच, बघ ना, हात दे..." मी जितकी बोलले तितकी ती जास्त ओरडली. मग ओरडायला श्वास पुरेना. तिचे ओठ निळे पडू लागले. तिचं हृदय अधू आहे. डॉक्टरांनी बजावलं होतं, तिला धक्का बसू देऊ नका. सळई तिच्या हातातून गळून पडली आणि तरी ओठ हलत होते, लॉर्ना, लॉर्ना.

मला दुसरं काय करता आलं असतं, कुणीतरी सांगा.

मी मागे वळले, बोळात गेले. बक्कल सोडवलं. कोट खुंटीवरून काढला आणि अंगात घातला. बाहेरून चिंब होता. आतून ऊबदार होता. पट्ट्याला मी गाठ मारली, घट्ट, दोनदा. हे मला पक्कं आठवतं.

मग आईपाशी जाऊन तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले. एक शब्द बोलले नाही. बाही पुढे केली.

तिची बोटं आली. कापड चाचपलं, मनगटाचा पट्टा शोधला, छोटं बक्कल शोधलं. श्वास हळूहळू खाली बसला. "आलीस," ती म्हणाली. "कुठे गेली होतीस गं मला टाकून? मी किती भ्याले." मी तिच्या हृदयाच्या गोळ्यांची डबी काढून एक तिच्या जिभेखाली ठेवली. ओठांवर रंग परत येताना मी बघत राहिले आणि रडले, आवाज न करता.

तिचा हात बाहीवरून खाली घसरला आणि माझ्या हाताला लागला. ती दचकली. बोटं आखडली, क्षणभर हवेत थांबली, आणि पुन्हा वर बाहीवर गेली. तिथेच राहिली.

"लॉर्ना," ती कुजबुजली, "ती बाई गेली का? तुझ्या आवाजात ओरडत होती ती?"

मी तोंड उघडलं. ती माझी आई होती, हो म्हणायचं होतं, एकच अक्षर. पण आवाज माझा निघाला असता. मी तोंड मिटलं आणि दुसरी बाहीही तिच्या मांडीवर ठेवली. तिनं दोन्ही बाह्या धरल्या, घट्ट. माझे दोन्ही हात तिथे होते, तिच्या मांडीवर, माझ्या डोळ्यांसमोर.

आणि माझ्या पोटाशी बक्कल लागल्याचा बारीक आवाज झाला.